गोधडीला झोळ पडणे आणि विणीची ओळ चुकणे : माझा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत परभणीला एक गोधडी आणि दोन स्वेटर एकदमच हाती घेतले, तेव्हा काम बदलले की गोधडीच्या थरांना झोळ पडे आणि विणीची ओळ चुके. टाचण्या निसटल्या, वहीत ओळी लिहायच्या राहिल्या. तिसऱ्यांदा उसवताना रडू आले.

अखेर जुनी सुती लुगडी धुऊन, वाळवून फरशीवर एकावर एक ताणून अंथरली आणि मधोमधपासून कडांकडे, वीतभर अंतराने, लाल दोऱ्याचे लांब कच्चे टाके घातले; कडेपासून सुरुवात केल्यास सगळा झोळ मध्ये साचतो. मगच धावदोरा घातला, आणि थांबताना गोधडी घडी न घालता गुंडाळून ठेवली. स्वेटर मात्र ओळ पुरी झाल्याशिवाय खाली ठेवला नाही, आणि दर दहाव्या ओळीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा धागा अडकवला. कच्चे टाके सर्वांत शेवटी काढले.