छोटी गाडी जुनी झाली, सस्पेन्शनचे बुश बदलायचेत? या चुका टाळा

चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म काढून बाकावर आडवा ठेवला, मागच्या बुशच्या मधल्या नळीत टॉमी (लोखंडी दांडी) घातली आणि हलका जोर दिला. नळी सरळ बाहेरच्या कडीला जाऊन टेकली. टक्क. दोन महिने दर ब्रेकला पायाखालून येणारा आवाज हाच होता. रबर नळीपासून अर्ध्या वर्तुळात सुटलं होतं आणि फटीत लालसर गंजाची भुकटी बसली होती. मला खटकलं ते वेगळंच. गाडीसोबत आलेला मूळ बुश 14 वर्षं चालला होता. हा जेमतेम 8 महिन्यांचा होता, आणि ‘जास्त कडक, जास्त टिकाऊ’ हे ऐकून मीच तो निवडला होता.

त्यात दोन गोष्टी चुकल्या होत्या, एक निवडताना आणि एक बसवताना. दोन्हींचं मूळ एकाच समजुतीत होतं: बुशचं काम आर्मला घट्ट धरून ठेवण्याचं आहे. खरं तर बुश आर्मला हलू देण्यासाठीच असतो. किती हलायचं आणि कोणत्या दिशेने, एवढं तो ठरवतो. साधा रबरी बुश म्हणजे बाहेर लोखंडी कडी, आत जाड नळी आणि दोन्हींना कायमचं चिकटवलेलं मधलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या बाजूला जखडली जाते, बाहेरची कडी आर्ममध्ये दाबून बसलेली असते. चाक वर-खाली होतं तेव्हा यातलं काहीच घसरत नाही. रबर स्वतः पिळलं जातं आणि परत सरळ होतं. म्हणून त्याला तेलपाणी लागत नाही, आणि म्हणूनच त्याची निवड हलक्यात घेता येत नाही.

आवाज आला की थेट बुशवर बोट ठेवणं

जुन्या गाडीत खालून येणारा प्रत्येक आवाज बुशचा नसतो. हळू वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर सतत ‘खडखड’ होत असेल तर आधी स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर आणि त्या बारच्या रबरांवर संशय घ्या. गाडी उभी असताना स्टेअरिंग वळवलं आणि स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टण्ण’ आवाज आला, तर दोष बहुधा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडणीच्या) वरच्या माउंटमध्ये किंवा बेअरिंगमध्ये असतो. ब्रेक दाबताना एकदाच आणि मग रिव्हर्स घेऊन पुन्हा ब्रेक लावताना एकदाच ‘टक्क’ होत असेल, तर लोअर आर्मचा बुश पहिला आरोपी. मात्र इंजिन माउंटही हुबेहूब असंच बोलतं, तेही हलवून बघा.

एक सोपी तपासणी सांगतो. सपाट मोकळ्या जागेत एकाने गाडी चालण्याच्या वेगाने पुढे घेऊन ब्रेक लावायचा, मग मागे घेऊन ब्रेक लावायचा. दुसऱ्याने बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहून पुढचं चाक मडगार्डच्या कमानीत कसं बसलंय ते बघायचं. बुश गेलेला असेल तर चाक ब्रेकसरशी मागे-पुढे सरकताना डोळ्यांना दिसतं. दोन्ही बाजू बघा, कारण एका बाजूची तुलना दुसरीशी केल्याशिवाय किती हालचाल जास्त हे कळत नाही.

उलट चूकही होते. रबरावर वरवरच्या बारीक भेगा दिसल्या की लोक घाबरून सगळा संच बदलायला निघतात. हवेतल्या ओझोनने आणि वयाने रबराच्या पृष्ठभागावर अशा रेषा पडतातच. बघायच्या त्या खोल फाटलेल्या जागा, नळीपासून सुटलेलं रबर आणि कडीच्या मधोमध न राहता एका बाजूला सरकलेली नळी.

गाडीचं नाव आणि साल सांगून बुश मागवणं

गाडी जितकी जुनी तितकी ही चूक महाग पडते. एकाच मॉडेलमध्ये उत्पादनाच्या मधल्या काळात आर्म बदललेला असतो, फेसलिफ्टच्या आधीचा आणि नंतरचा बुश वेगळा असतो, पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या पुढच्या वजनात फरक असल्याने रबराचा कडकपणाही वेगळा असू शकतो. बाहेरून माप तेच, आतलं रबर वेगळं. त्यात जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने दुसऱ्या प्रकारचा आर्म चढवलेला असण्याचीही शक्यता असते. म्हणून चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि मग गाडीवर प्रत्यक्ष काय आहे ते व्हर्निअरने मोजून ताडून बघा: कडीचा बाहेरचा व्यास, नळीची लांबी, नळीच्या आतला व्यास, आणि जुना बुश आर्ममध्ये किती खोल बसला आहे. हे शेवटचं माप बुश काढण्याआधीच घ्यावं लागतं. नंतर ते सांगणारं कुणी उरत नाही.

स्टॅबिलायझर बारच्या रबरांचं तर विचारूच नका. एकाच गाडीच्या दोन प्रकारांत बारची जाडी 1 मिलिमीटरने वेगळी असू शकते आणि रबरं शेजारी ठेवली तरी डोळ्याला फरक दिसत नाही. सैल रबर बसवलं तर आवाज पहिल्या दिवसापासून तसाच, घट्ट बसवलं तर बार अडकतो. बार ज्या जागी रबरात बसतो तिथला गंज घासून काढा, मग मोजा. रबराखाली बार झिजून बारीक झालेला असेल तर थोडं बाजूला, अस्सल जाडीच्या जागी माप घ्या. आणि झीज जास्त असेल तर नवं रबर तिथे कधीच नीट बसणार नाही, बारच बदलावा लागेल.

कडक म्हणजे चांगला, हा हिशेब

मी याच चुकीत सापडलो, म्हणून इथे जरा थांबतो.

सस्पेन्शनच्या बुशमधलं रबर साधारण 50 ते 70 शोअर ए इतकं कडक असतं (शोअर ए हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक). बाजारात मिळणारे पॉलियुरेथेनचे बुश बहुतेक 80 ते 95 च्या घरात असतात. हातात घेऊन अंगठ्याने दाबलं तरी फरक कळतो. पॉलियुरेथेनचे गुण खरे आहेत: तेलाने लवकर फुगत नाही, आकार सोडत नाही, आर्मची नको असलेली हालचाल कमी होते. पण प्रत्येक जागी ‘नको असलेली’ हालचाल कोणती, हे वेगळं असतं.

बऱ्याच छोट्या गाड्यांचा पुढचा लोअर आर्म इंग्रजी एल अक्षरासारखा असतो. त्याला गाडीच्या बाजूने दोन बुश. पुढचा बुश चाकाच्या जवळपास रेषेत असतो आणि वळणावर येणारा आडवा जोर पेलतो. तो मुळातच कडक असतो. मागचा बुश मोठा आणि मऊ असतो, कारण चाक खड्ड्याच्या कडेवर आपटतं तेव्हा ते किंचित मागे सरकावं आणि धक्का तिथेच विरावा अशी रचना असते. कॉम्पॅक्ट गाडीतला जो काही आराम असतो, त्यातला मोठा वाटा हा एक बुश सांभाळतो. तिथे कडक बुश घातला की तोच धक्का सबफ्रेमला (आर्म ज्या लोखंडी चौकटीला जोडलेला असतो तिला), तिथून बॉडीला आणि स्टेअरिंगला जातो. 14-15 वर्षांच्या गाडीत सबफ्रेमचे माउंट, बॉडीचे जोड आणि गंजलेल्या कडा आधीच थकलेल्या असतात. त्यांच्या वाट्याला जास्तीचा मार देण्यात काय अर्थ आहे? माझ्या गाडीत पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्ड कुरकुरू लागला होता. मी त्याला ‘नवा बुश बसतोय’ समजत राहिलो.

मागच्या ट्विस्ट बीमच्या (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या, पिळल्या जाणाऱ्या आडव्या तुळईच्या) बुशबाबत तर मी याहून आग्रहाने सांगेन. बीम एकाच वेळी वर-खाली होतो, पिळला जातो आणि वळणावर थोडा आडवा सरकतो. अनेक गाड्यांत हे बुश मुद्दाम तिरपे बसवलेले असतात, म्हणजे वळणावर रबर दबताना मागची चाकं योग्य दिशेला राहावीत. त्या कोनाचा आणि त्या मऊपणाचा मिळून एक हिशेब असतो. तिथे एकजात कडक बुश घातला तर गाडी वळणावर कशी वागेल हे बदलतं, आणि ते कोरड्या रस्त्यावर लक्षात न येता ओल्या रस्त्यावर लक्षात येतं. रोजच्या वापराच्या गाडीला तिथे मूळ मापाचं, मूळ कडकपणाचं रबरच द्या.

मग पॉलियुरेथेन कुठे चालतं? स्टॅबिलायझर बारच्या रबरांना चालतं, गाडी थोडी चपळ हवी असेल तर एल आर्मच्या पुढच्या बुशलाही चालू शकतं. त्यात बहुतेक वेळा आतली नळी चिकटवलेली नसते, बुशमध्ये फिरते. तिला सोबत दिलेलं सिलिकॉन ग्रीसच लागतं, आणि ते सुकलं की कुईकुई सुरू होते. वर्ष-दोन वर्षांनी उघडून पुन्हा लावायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

छिद्रं कशीही फिरवून बसवलेला बुश

मोठ्या बुशच्या रबरात बऱ्याचदा चंद्रकोरीसारख्या दोन पोकळ्या असतात. ज्या दिशेला पोकळी, त्या दिशेला बुश मऊ. तिच्या काटकोनात कडक. म्हणजे बुश 90 अंशांनी फिरवून बसवला की मऊ हवा तिथे कडक आणि कडक हवा तिथे मऊ झाला. माप बरोबर, पार्ट नंबर बरोबर, तरी गाडी बिघडलेली. कडीवर बाण, खाच किंवा रंगाचा ठिपका असतो, तो आर्मवरच्या खुणेशी जुळवायचा. खूण नसेल तर जुना बुश काढण्याआधी आर्मवर पांढऱ्या मार्करने रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा.

काही गाड्यांत या पोकळ्यांमध्ये द्रव भरलेला असतो. बुशखाली काळपट ओल दिसली तर तो फुटला आहे. त्याच्या जागी भरीव रबराचा बुश घातला तर चालतो, पण महामार्गावरच्या वेगात ब्रेक लावताना स्टेअरिंगची थरथर वाढू शकते. हे माहीत असून निवडा.

बुश की आख्खा आर्म?

आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंटही सैल असेल आणि तो आर्मला रिव्हेटने जोडलेला असेल, तर आख्खा आर्म घेणं सोयीचं. आर्म गंजून पापुद्रे सुटत असतील तर त्यात नवा बुश दाबूच नका. पण आर्म ठणठणीत असेल तर फक्त ‘सगळं एकत्र मिळतं’ म्हणून कुठलाही जोडलेला आर्म उचलू नका. अशा आर्ममधला बुशच अनेकदा सगळ्यात कमी दर्जाचा असतो. मूळ आर्म आणि त्यात चांगला बुश, ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते. बुश दाबताना प्रेसचा जोर बाहेरच्या कडीवरच यायला हवा. आतल्या नळीवर जोर दिला की चिकटवलेलं रबर गाडीवर चढण्याआधीच सुटतं. हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याला तिथेच थांबवा. आणि दोन्ही बाजूंचे बुश जोडीनेच बदला.

दाबताना साबणाचं पाणी वापरा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नैसर्गिक रबराला फुगवून मऊ करतं. आवाज बंद व्हावा म्हणून बुशवर गंजरोधक स्प्रे मारणंही तसंच. चार दिवस शांतता, मग आणखी मोठी फट. इंजिनमधून तेल गळून बुशवर पडत असेल तर आधी गळती बंद करा, नाहीतर नवा बुशही त्याच वाटेने जाईल.

चाकं लटकलेली असताना बोल्ट आवळणं

माझ्या 8 महिन्यांच्या बुशचा जीव घेतला तो याने. गाडी लिफ्टवर होती, चाकं खाली लटकलेली, आणि मेकॅनिकने त्याच अवस्थेत इम्पॅक्ट गनने सगळे बोल्ट पक्के केले. काम झटपट झालं.

आता हिशेब बघा. आर्म 30 सेंटीमीटर लांब आहे आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा 8 सेंटीमीटर खाली लटकलंय असं धरा. म्हणजे आर्म सुमारे 15 अंश खाली झुकलेला आहे. तिथे बोल्ट आवळला की आतली नळी त्या कोनात जखडली. गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला आणि रबर 15 अंश पिळलं. गाडी रात्रभर उभी असतानाही ते पिळलेलंच. खड्ड्यात चाक वर गेलं की त्यात आणखी पीळ. ज्या रबराने मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे थोडं थोडं पिळायचं, ते कायम एकाच बाजूला ताणलेलं. कडक रबराला तर हे मऊ रबराइतकंही सोसत नाही.

बोल्ट आधी हाताने, फक्त टेकतील इतके लावा. गाडी चाकांवर उतरवून एक-दोनदा दाबून हलवा, म्हणजे ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बसेल. मग रॅम्पवर किंवा चार खांबी लिफ्टवर, वजन चाकांवर असतानाच, टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला पक्के करा. रॅम्प नसेल तर हबच्या खाली जॅक लावून आर्म नेहमीच्या उंचीला आणता येतो. त्यासाठी गाडी उचलण्याआधीच हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवायचं. गाडी मात्र भक्कम स्टँडवर हवी. फिरत्या नळीच्या पॉली बुशला हा नियम तितका लागू नाही, चिकटवलेल्या रबराला शंभर टक्के आहे.

बुश मागवतानाच बोल्ट आणि नटही मागवा. जुन्या गाडीत बोल्ट नळीच्या आत गंजून जाम झालेला असतो, कापल्याशिवाय निघत नाही, आणि मग गाडी दोन दिवस लिफ्टवर अडकते. काही बोल्ट तर एकदाच वापरायचे असतात. कॅमचा बोल्ट (फिरवला की चाकाचा कोन बदलतो असा) असेल तर सोडवण्याआधी त्याच्या जागेची खूण करा.

हे सगळं झालं की अलाइनमेंट करून घ्या. जुन्या, सुटलेल्या बुशवर जमवलेला टो (चाकं वरून बघताना किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन) नव्या बुशवर बरोबर राहत नाही. पुढचे काही आठवडे दोन्ही पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवत राहा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो अजून मापात नाही.