मोबाइल ॲम्बियंट्समध्ये ॲक्सेस कंट्रोल कसा तपासायचा

मोबाइल ॲम्बियंट्स म्हणजे एका जागेतून दुसऱ्या जागेत हलणारे प्रोग्रॅम कागदावर लिहून तपासायची गणिती भाषा. तिचा सगळा सिंटॅक्स (लिहायचे नियम) आधी पाठ करत बसू नका, एक छोटं मॉडेल लिहा आणि त्याच्या शेजारी चोर (हल्ला करणारा कोड) बसवा, खरी गंमत तिथेच कळते.

कार्डेली आणि गॉर्डन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या या भाषेत ॲम्बियंट म्हणजे नाव आणि हद्द असलेली जागा, ती हलली की आतलं सगळं तिच्यासोबत हलतं. कॅपेबिलिटी, म्हणजे करायची परवानगी असलेल्या कृती, तीनच: इन (शेजारच्या ॲम्बियंटमध्ये शिरणं), आउट (बाहेर पडणं) आणि ओपन (ॲम्बियंट उघडणं). ओपन झालं की हद्द विरघळते आणि आतला कोड बाहेरच्या जागेत मोकळा सुटतो.

आता हे लिहून बघा, चौकोनी कंस म्हणजे हद्द, | म्हणजे शेजारी-शेजारी एकाच वेळी चालणारं आणि टिंब म्हणजे "हे झाल्यावर ते":

सर्व्हर[ ओपन पाकीट | साठा[ ] ]

पाकीट[ इन सर्व्हर. मागणी ]

पाकीट आत येतं, सर्व्हर ते उघडतो, मागणी चालते, सगळं छान वाटतं. मग शेजारी हे ठेवा:

पाकीट[ इन सर्व्हर. इन चोर ] आणि चोर[ ओपन सर्व्हर ]

खोटं पाकीट आत शिरलं, सर्व्हरने उघडलं, आणि उरलेलं "इन चोर" आता सर्व्हरच्याच नावावर चालतं, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या पायाने चोराच्या आत जातो आणि तिथे साठ्यासकट फोडला जातो. कागदावर एकेक पायरी लिहून बघाच, नुसतं वाचून हे अंगात उतरत नाही.

पहिला उपाय नाव लपवणं. "पाकीट" हे नाव न्यू (इतर कोणाला माहीत नसलेलं नवं नाव बनवणारी क्रिया) वापरून खाजगी करा आणि ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच द्या. सर्व्हरचं नावही उघडं वाटू नका, फक्त "इन सर्व्हर" ही कॅपेबिलिटी पाठवा, कारण कॅपेबिलिटीवरून नाव परत काढता येत नाही, म्हणजे शिरायची परवानगी मिळाली तरी उघडायची मिळत नाही.

दुसरा उपाय लेवी आणि सँजॉर्जी यांचे सेफ ॲम्बियंट्स, २००० सालचे. यात समोरच्यानेही होकार द्यावा लागतो, म्हणजे इनला सह-इन, ओपनला सह-ओपन. पण इथे बरेच जण निवांत होतात आणि तिथेच फसतात! पाकिटातच "सह-ओपन पाकीट. इन चोर. सह-ओपन सर्व्हर" लिहिलेलं असेल आणि चोराकडे सह-इन तयार असेल, तर पाकीट उघडल्यावर सर्व्हरचा होकार चोराचाच कोड देऊन टाकतो. परक्याचा कोड एकदा आत मोकळा सुटला की तो तुमच्या तोंडाने बोलतो.

म्हणून टाइप्स लावा, म्हणजे कोणता ॲम्बियंट काय करू शकतो हे आधीच जाहीर करा आणि कोड चालवण्याआधी तपासा. कार्डेली, गेली आणि गॉर्डन यांच्या १९९९ च्या मोबिलिटी टाइप्समध्ये सर्व्हर "न हलणारा" आणि "न उघडला जाणारा" असं जाहीर करता येतं, मग "इन चोर" असलेलं पाकीट सर्व्हरमध्ये उघडणारं मॉडेल टाइप चेकमध्येच अडकतं. अट एवढीच की बाहेरून येणारा कोडही तपासलेला हवा, न तपासलेला आत घेतला तर टाइप्सची हमी संपली.

माझं स्पष्ट मत, खरंच ओपन लागतंय का हे सगळ्यात आधी विचारा. बुग्लिएसी, कास्तान्या आणि क्राफा यांनी २००१ मध्ये बॉक्स्ड ॲम्बियंट्समधून ओपन काढूनच टाकलं, त्याऐवजी आईबाप ॲम्बियंट आणि मूल ॲम्बियंट हद्दीपलीकडून थेट निरोप देतात-घेतात. मग कोण कोणाकडून वाचतो आणि कोण कोणाला लिहितो एवढंच बघायचं राहतं, आणि "खालच्या सुरक्षा लेव्हलने वरचं वाचायचं नाही" असे नियमही सरळ लिहिता येतात.

शेवटी तपासताना एकच चोर पुरत नाही, शेजारी कुठलीही प्रोसेस ठेवली तरी साठ्याचं नाव बाहेर दिसत नाही हे सिद्ध करायला लागतं.