‘संगीत शिकतोस का?’ हा प्रश्न आधी खोडा: कोल्हापुरातल्या तरुणांच्या संगीत-सहभागाचा अभ्यास कसा करावा

शोधप्रबंधासाठी किंवा एखाद्या संस्थेच्या पाहणीसाठी तयार झालेली पहिली प्रश्नावली बहुधा ‘तू संगीत शिकतोस का?’ इथूनच सुरू होते. पाहणी तिथंच फसते. तालमीसमोर (गल्लीतल्या आखाड्या-मंडळासमोर) गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी ढोल वाजवणारा मुलगा याचं उत्तर ‘नाही’ देतो, कारण त्याच्या लेखी ‘शिकलो कुठं, नुसतं वाजवतोय की.’ भजनी मंडळात आजोबांच्या मागं टाळ धरणारी मुलगीही ‘नाही’च म्हणते. ‘हो’ येतं ते मुख्यतः क्लासला जाणाऱ्यांकडून, शास्त्रीय संगीताच्या प्रवेशिका-मध्यमेच्या परीक्षांना बसणाऱ्यांकडून. मग पानभर तक्ते काढून निष्कर्ष लिहिला जातो की संगीत मोजक्या घरांतच उरलंय.

कोल्हापुरात ही चूक जास्त सहज होते. ख्यालगायक अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारी होते, देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासूनची. लिखित इतिहास इतका समृद्ध असल्यावर अभ्यासकाची पावलं आपोआप त्याच दारांकडं वळतात. ती दारं हवीतच, पण यादीतली एक नोंद म्हणून.

म्हणून कृती विचारा. गेल्या १२ महिन्यांत गायलास का, काही वाजवलंस का, चाल लावलीस का, मोबाईलवर किंवा संगणकावर ट्रॅक बनवलास का, ढोलाची पानं (वाजवायचे पडदे) ताणलीस का, मंडळाचा साउंड सांभाळलास का? ऐकणं वेगळ्या भागात ठेवा, नाहीतर सगळेच सहभागी ठरतात. प्रत्येक ‘हो’ला चार उपप्रश्न जोडा: कुठं, कुणाबरोबर, किती वेळा आणि वाद्य कुणाचं? यातला शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. वाद्य पथकाचं असेल तर हंगाम संपला की वाजवणं थांबतं. घरचं असेल तर चालू राहतं. पैसे भरले की मिळाले, हेही विचारा. बेंजो पार्टीत किंवा बँडमध्ये सुपारीवर वाजवणारी मुलं छंदाच्या रकान्यात बसत नाहीत.

‘गेले १२ महिने’ यासोबत ‘गेले ४ आठवडे’ हाही रकाना लागतो. गणेशोत्सवाच्या तोंडावर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात, त्याच मुलाची उत्तरं पार वेगळी असतात. एकच फेरी परवडत असेल तर ती गणपती-नवरात्र टाळून घ्या. दोन जमल्या तर एक हंगामात, एक बाहेर.

वयोगट आधी ठरवा. राष्ट्रीय युवा धोरण २०१४ मध्ये युवक म्हणजे १५ ते २९. तो गट घेतला तर इतर पाहण्यांशी तुलना करता येते. १८ खालच्यांचं विश्लेषण मात्र वेगळं मांडा, कारण त्यांचा वेळ आणि पैसा पालकांच्या हातात असतो.

नमुना निवडण्याआधी गटांची यादी करा: क्लास, विद्यापीठाचा संगीत विभाग, महाविद्यालयांचे युवा महोत्सवाचे संघ, तालमी-मंडळांची ढोल-ताशा व झांज पथकं, हलगी-घुमक्याचे (चर्मवाद्यांचे) संच, शाहिरी पथकं, भजनी मंडळं, धनगरी ढोलाची मंडळं, चर्चचे गायनवृंद, बँड. ही यादी कुठंच तयार मिळत नाही. पेठांतून फिरून आणि तालुक्यांत फोन करून ती करावी लागते. त्याला दोन-तीन आठवडे राखून ठेवा. अभ्यास जिल्ह्याचा असेल तर बाराही तालुके यादीत हवेत. चंदगड तालुक्यातली मुलं शहरातल्या शिवाजी पेठेवरून समजत नाहीत.

आता संख्या. निव्वळ चिठ्ठ्या टाकून व्यक्ती निवडल्या, तर ९५ टक्के विश्वासपातळीला अधिक-उणे १० टक्क्यांच्या अचूकतेसाठी ९६ जण पुरतात. पण आपण निवडतो पथकं, आणि एका पथकातली मुलं एकाच गल्लीतली, एकाच शाळेतली, एकमेकांसारखी असतात. हे साधर्म्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.१ धरलं आणि प्रत्येक गटातून १० जण घेतले तर ९६ ला १.९ ने (१ + उरलेले ९ जण × ०.१) गुणावं लागतं: म्हणजे सुमारे १८३. गटातून ५ च घेतले तर गुणक १.४ होतो आणि २७ गटांतले १३५ जण भागवतात. पायपीट वाढते, पण कमी मुलाखतींत तितकीच खात्री मिळते. एकाच ओळखीच्या पथकातून ६० फॉर्म भरून आणणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा मार्ग आहे.

गटांतून शोधलं की सोडून गेलेले हाती लागत नाहीत, आणि खरी माहिती पुष्कळदा त्यांच्याकडंच असते. प्रत्येक गटाला विचारा: गेल्या दोन वर्षांत कोण यायचं थांबलं? त्यातल्या निदान दोघांना भेटा. दहावीनंतर, नोकरीमुळं, घरून ‘पुरे आता’ म्हटल्यामुळं, वाद्य विकल्यामुळं. कारण त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मुलींच्या बाबतीत सरावाची वेळ आणि परतीचा रस्ता हे प्रश्न वेगळे ठेवा. घरी एकट्यानं गिटार वाजवणारे किंवा ट्रॅक बनवणारे या यादीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी दोन-तीन महाविद्यालयांतल्या एकेका तुकडीला सरसकट फॉर्म द्या.

संमतीत घाई नको. १८ खालच्यांसाठी पालकांची लेखी परवानगी आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची तत्त्वं वैद्यकीय संशोधनासाठी आहेत, पण त्यातली पायरी इथंही वापरण्याजोगी आहे: ७ ते १२ वर्षांना तोंडी होकार, १२ ते १८ ना लेखी. पथकप्रमुख किंवा गुरुजी शेजारी बसलेले असताना मुलाखत घेऊ नका. मूल त्यांना आवडेल तेच बोलतं. जागा उघडी, सगळ्यांना दिसेल अशी, पण ऐकू न जाणारी असावी.

हलगीच्या संचाबरोबर बोलायची उत्तम वेळ म्हणजे हलगी शेकताना. कातडी हलगी विस्तवावर फिरवत, बोटानं टिचकी मारून सूर चढला का पाहत मुलं मोकळेपणानं बोलतात. फायबरचं पान शेकावं लागत नाही, म्हणून कोणतं पान, ते का घेतलं आणि कितीला, हे तिथंच विचारून घ्या. ‘घरात आधी कोण वाजवायचं?’ हा प्रश्नही इथंच. हलगीमागं जातीचा इतिहास आहे. तो सांगायचा की नाही हे त्या मुलावर सोडा. फॉर्ममध्ये सक्तीचा रकाना करू नका.

ढोलाच्या सरावात मोबाईलचं रेकॉर्डिंग फाटतं. रेकॉर्डर असेल तर आवाजाची पातळी हातानं ठेवा, सर्वोच्च टोक रेकॉर्डरच्या मापकावर उणे १२ डेसिबलपाशी (तिथं ० ही कमाल मर्यादा). ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाईल तासाला साधारण अर्धा जीबी होते. कानात प्लग घाला. कानावर पडणाऱ्या १०० डेसिबल आवाजाला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं धरतात. मुलाखत मात्र सरावापासून लांब घ्या.

एक तास मुलाखत उतरवायला चार ते सहा तास जातात. बोली तशीच ठेवा. ‘हाय’चं ‘आहे’ करू नका. नावं बदलणं पुरेसं नसतं. ‘अमुक पेठेतल्या पथकातली ताशा वाजवणारी एकुलती एक मुलगी’ असं लिहिलं की तिला अख्खी पेठ ओळखते. पेठ गाळा किंवा वाद्य बदलून ‘तालवाद्य’ लिहा, आणि नाव-संकेतांची वही ध्वनिफितींपासून वेगळी, कुलपात ठेवा. छापण्याआधी तक्ते त्या त्या गटांसमोर वाचून दाखवा. चुकीचं वर्गीकरण मुलं तिथल्या तिथं पकडतात, आणि ती दुरुस्ती अंतिम मसुद्यात घ्या.