इंटरनॅशनल स्कूलचा कॅम्पस बघायला जाताय? या चुका टाळा

नव्या वर्षाच्या प्रवेशाचे दिवस आले की सांगली-मिरज रस्त्यावर शाळांचे फ्लेक्स झळकू लागतात. निळाशार स्विमिंग टँक, टाय लावलेली मुलं आणि ‘ॲडमिशन ओपन’. त्या टँकचे पैसे आपण वर्षभर भरणार, पण आपलं पोर त्यात आठवड्यातून किती वेळा उतरणार हे विचारायचं राहून जातं.

सुविधा बघितली, वेळापत्रक बघितलंच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुलाच्या इयत्तेचं चालू वर्षाचं वेळापत्रक मागून घ्या. पोहण्याचा तास पहिलीपासून आहे की पाचवीपासून? पावसाळ्यात टँक बंद असतो का? रोबोटिक्स फीमध्ये धरलंय की शाळा सुटल्यावर वेगळे पैसे भरून? मग लॅबमध्ये जा. बीकरवरचं दुकानाचं लेबल अजून तसंच असेल, नळ सोडल्यावर फुसफुस करून हवाच येत असेल, तर तिथे प्रयोग किती होतात ते कळलंच. ग्रंथालयात दोन-चार पुस्तकं उघडून मागच्या पानावरच्या शेवटच्या नोंदीची तारीख बघा. नोंदी संगणकावर असतील तर गेल्या महिन्यात किती पुस्तकं घरी गेली ते विचारा. ज्याच्याकडे उत्तर असतं तो लगेच देतो.

‘इंटरनॅशनल’ पाटीवर विश्वास

नावात इंटरनॅशनल असलं म्हणून बोर्ड आंतरराष्ट्रीय होत नाही. आयबी आणि केंब्रिज ही आंतरराष्ट्रीय बोर्डं त्यांच्याशी जोडलेल्या शाळांची यादी स्वतःच्या वेबसाइटवर देतात, सीबीएसईची यादी त्या बोर्डाच्या ‘सारस’ पोर्टलवर आहे. ‘सीबीएसई पॅटर्न’ असं सांगितलं तर संलग्नता क्रमांक मागा आणि मान्यता कितवीपर्यंत आहे ते विचारा.

सीबीएसई शाळेला स्वतःच्या वेबसाइटवर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’चं पान ठेवावंच लागतं. कॅम्पसचं क्षेत्रफळ, वर्गखोल्यांची संख्या व आकार, स्वच्छतागृहं, अग्निसुरक्षेचा दाखला, तीन वर्षांचे निकाल, फी, सगळं त्यात असतं. वर्गखोली किमान ५०० चौरस फूट आणि मुलामागे किमान १ चौरस मीटर, हा बोर्डाचा नियम. त्या पानाची प्रिंट हातात घेऊनच कॅम्पस फिरा. दाखवणाऱ्याचा सूर बदलतो, हा अनुभव घेण्यासारखा आहे.

ओपन हाऊसलाच जाणं

त्या दिवशी सगळं धुतलेलं, पुसलेलं असतं. एखाद्या साध्या मंगळवारी, मधली सुट्टी संपल्यावर जा आणि मुलांचं स्वच्छतागृह दाखवा म्हणा.

पुराचा विचार न करणं

हे खास सांगलीकरांसाठी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कॅम्पस उंचावर असला तरी बसचा रस्ता कुठून जातो? २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाळा किती दिवस बंद होती, हे गेटवरच्या वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

फीचा एकच आकडा धरून चालणं

ट्यूशन फी, टर्म फी, बस, जेवण, गणवेश, पुस्तकांचा सेट, सहल, स्नेहसंमेलन अशी बेरीज लेखी घ्या. आयकराच्या जुन्या करपद्धतीत सवलत मिळते ती फक्त ट्यूशन फीवर, दीड लाखाच्या मर्यादेत. त्यामुळे पावतीवर फोड हवीच. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी डोनेशन घेणं, राज्यात १९८७ च्या कायद्यापासून बेकायदा आहे.

प्रवेश झाला, आता फी वाढली तर?

राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर यावा लागतो आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात. तुमच्या शाळेत चिठ्ठ्या कधी टाकल्या, हा पहिला प्रश्न. बैठकीचं इतिवृत्त मागा, तेही अर्ज देऊन, पोच घेऊन. विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागायला किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला संताप व्यक्त करण्यापेक्षा शाळा सुटताना गेटवर भेटणाऱ्या पालकांच्या सह्या गोळा करायला लागा.