इंजिनकाम काढण्याआधी या चुका टाळा

मीटरवर दोन लाख किलोमीटर दिसले की लोक कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी लावतात आणि थेट सांगतात, "इंजिनकाम करून टाका," म्हणजे इंजिन उघडून झिजलेले भाग बदला. नुसत्या आकड्यावर इंजिन उघडू नका. पुणे हायवेवर रोज पळणारी गाडी दोन लाखांनंतरही ठणठणीत असते. राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढीच फिरणारी, कधी नीट गरमच न होणारी गाडी त्याआधी झिजते.

सगळ्यात महागात पडतं ते निळा धूर, म्हणजे जळणारं ऑइल, दिसला की पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरून चालणं. धूर कधी येतो ते बघा. करूळचा घाट गिअरवर उतरून खाली रेस देताच पेट्रोल गाडीने भपका मारला, तर आधी वॉल्व्ह सील, म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवर ऑइल अडवणारी रबरं, बघा. बहुतेक गाड्यांत ती इंजिन न उतरवता बदलतात. चढाला जोर देताना सतत धूर असेल तर रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत.

एका डिझेल गाडीचा ब्लॉक आमच्याकडे बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करायला, आला होता. इंजिन दुसरीकडे उघडलेलं. बोअर गेज घातला, तर चारही सिलिंडर मापात, भिंतीवरच्या होनिंगच्या बारीक रेघासुद्धा शाबूत. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप मागवून उलटा धरला, वाटीभर ऑइल सांडलं. टर्बोचं सील गेलं होतं! तोवर मालकाने रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सगळं घेऊन ठेवलं होतं. पाइप आधी काढून बघायला कितीसा वेळ लागतो?

पेट्रोल गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. एखादा सिलिंडर बराच कमी दाखवला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा. नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलला हा ऑइलचा प्रयोग करू नका.

पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणारा) चोंदला तरी गाडी ऑइल खाते.

ऑइलचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा, पण बेअरिंग गेलं म्हणण्याआधी लेव्हल बघा आणि साधा प्रेशर गेज लावा.

जाड ऑइल, बाटलीतली औषधं मला अजिबात मान्य नाहीत. झीज तशीच राहते, फक्त कळायची बंद होते.

"बोअरिंग नको, नुसत्या रिंगा टाका" म्हणणारे दर आठवड्याला येतात. बोअर अंडाकृती झाला असेल तर नव्या रिंगा बसतच नाहीत आणि गाडी पुन्हा ऑइल प्यायला लागते. माप मर्यादेबाहेर असेल तर बोअरिंग आणि ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टनच. तेवढे पैसे नसतील तर थांबा, दर आठवड्याला ऑइल बघून टॉपअप करत चालवा. खालून कनेक्टिंग रॉडची ठकठक ऐकू आली तर मात्र गाडी जागेवर बंद करा आणि टो करून आणा.