स्कूबाचं सामान घ्यायचंय? आधी चष्म्याचा नंबर काढून आणा

ऑक्टोबरात ओपन वॉटर कोर्सला (स्कूबाचा, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली जायचा, पहिला कोर्स) जायचं म्हणणारे आमच्यातले काहीजण रोज लिंका पाठवायलेत, हे घेऊ का, ते घेऊ का, डिस्काउंट आहे का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. कोकणात जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंदच असतं, म्हणजे वेळ आहे, घाईनं काही मागवू नका.

पहिलं म्हणजे मास्क. दुसरं पण मास्कच. आणि मास्क बघायच्या आधी आपल्या सोलापुरात नवी पेठेत किंवा जिथं तुमचा चष्मेवाला असेल तिथं जाऊन डोळे तपासा आणि नंबरचा कागद घ्या. जुना कागद नको, आत्ताचा. मास्कच्या आत चष्मा बसत नाही, काडी आली की कडेचा सिलिकॉन चेहऱ्याला टेकत नाही आणि पाणी आत. माझा नंबर मायनस साडेचार. मी फिन्स (पायात घालायचे पंखे) घेतले, स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) घेतला, भारीतली बॅग घेतली आणि चष्मा बोटीवर काढून ठेवून खाली गेलो. मासे राहू द्या हो, मासे परत दिसतील. इन्स्ट्रक्टर हातानं विचारतोय हवा किती राहिली, आणि मला गेजचा (सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या मीटरचा) काटा पन्नासवर आहे की दीडशेवर तेच दिसेना. सिलिंडर साधारण 200 बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेला असतो आणि 50 च्या खाली लाल पट्टा, तेव्हा हा काटा न दिसणं म्हणजे गंमत नाही. पाण्याखाली वस्तू सुमारे 33 टक्के मोठ्या दिसतात हे खरंय, म्हणून एक-दीड नंबरवाल्यांचं निभावतं, पण साडेचारला धूसर ते धूसरच, फक्त मोठं धूसर.

तर मास्क घेताना दोन वेगळ्या काचांचा घ्या, आणि त्या मॉडेलला नंबरच्या काचा मिळतात का हे पैसे भरायच्या आधी विचारा. सगळ्यांना मिळत नाहीत. एकसंध मोठ्या काचेचा मास्क दिसायला झकास असतो पण त्यात तयार नंबर बसवता येत नाही, तिथं काच चिकटवून घ्यावी लागते आणि खर्च वाढतो. तयार काचा अर्ध्या अर्ध्या नंबरच्या टप्प्यात येतात, डावी-उजवी वेगळी घेता येते. सव्वातीन असेल तर बहुतेक जण खालचा तीन घेतात. सिलिंड्रिकल नंबर तयार काचेत नसतो, तो थोडा असेल तर चष्मेवाल्याला सांगून त्याचा हिशोब मुख्य नंबरात धरून घ्या, जास्त असेल तर काच करूनच घ्यावी लागेल. काचा मागवून यायला वेळ लागतो, म्हणून आत्ता. निघायच्या आदल्या आठवड्यात नाही. आत्ता.

लेन्स लावणारे म्हणतील आम्हाला काय त्याचं. सॉफ्ट लेन्स चालतात, पण कोर्समध्ये मास्कमध्ये पाणी भरून ते नाकातनं हवा सोडून बाहेर काढायला लावतात, मास्क पूर्ण काढायला पण लावतात, तेव्हा डोळे उघडले की लेन्स गेली. रोज टाकायच्या घ्या आणि जादा जोड ठेवा. हार्ड लेन्स नको, तिच्याखाली बुडबुडे अडकतात. आणि चाळिशीवाल्यांनो, लांबचं स्वच्छ दिसतं म्हणून खूश होऊ नका, गेज हातभर अंतरावरच वाचायचा असतो. मास्कच्या काचेला आतून खाली चिकटवायच्या छोट्या वाचायच्या काचा मिळतात, त्या बघा.

फिटिंगचं आता. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकानं हलका श्वास आत ओढा, हात सोडा. टिकला तर तुमचा, पडला तर कितीही महाग असू दे, घेऊ नका. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी थोडं गळणारच, मिशी काढायची की पाणी काढायचं ते तुम्ही ठरवा. म्हणूनच ऑनलाइन घेताना परत करायची सोय बघा, नाहीतर पुण्याला कुणी जाणार असेल तर सोबत जा आणि घालून बघून घ्या. पोहायचा गॉगल चालत नाही, त्यात नाक बाहेर राहतं आणि आतला दाब सारखा करता येत नाही, डोळे लाल होऊन येतात. तोंड झाकणारा फुल-फेस स्नॉर्कल मास्क पण स्कूबाला नाही, तो वर तरंगायला. कानात बोळे तर अजिबात नाही.

नवा मास्क घरी आला की काचेच्या आतल्या बाजूला साधी पांढरी टूथपेस्ट लावून बोटानं चांगली घासा, धुवा, परत घासा. कारखान्यातला थर राहिला तर पाण्यात सारखी वाफ धरते. आतून कोटिंग असेल तर हे करू नका. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, आपल्याकडचं ऊन 42-43 ला जातं, सिलिकॉन वाकडा झाला की मग पट्टा कितीही ओढा.

मास्क झाला (नंबरसकट, परत सांगतो, नंबरसकट) की मग हवे तर फिन्स. गरम पाण्यात अख्खा पाय जाणारे चालतात, खडकावरनं उतरायचं असेल तर बूट घालून मागनं पट्ट्याचे. कोर्समध्ये भाड्यानं मिळतातच, त्यामुळं हे थांबू शकतं. स्नॉर्कल साधा घ्या, स्वस्तातला. वेटसूट (थंडी न लागू देणारा जाड रबरी पोशाख) नको, पाणी 26 ते 30 डिग्री असतं, एक लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहायचा अंगाला घट्ट बसणारा पातळ शर्ट) पुरतो.

तिसरा खर्च डाइव्ह कॉम्प्युटरचा, पण कोर्स झाल्यावर, आणि पुढंही डाइव्ह करणार असं स्वतःशी नक्की झाल्यावर. तुमच्या अंगात किती नायट्रोजन उरलाय याचा हिशोब तो डाइव्हमागून डाइव्ह ठेवतो, भाड्याच्यात आधीच्या माणसाचा हिशोब असू शकतो. वीस हजारांच्या आसपास सुरू होतात. आकडे मोठे दिसणारा घ्या, बॅटरी घरी बदलता येणारा घ्या. कारण शेवटी तो पण वाचायचाच आहे, आणि नंबर नसेल तर वीस हजार मनगटावर धूसर.

याच्याशी जोडून एक. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच गाडी काढून घरी पळू नका, उंचावर गेलं की अंगात उरलेला तो नायट्रोजन त्रास देऊ शकतो. विमानाला एका डाइव्हनंतर 12 तास आणि जास्त केल्या असतील तर 18 तास थांबायचं सांगतात, आणि मालवणातनं कोल्हापूरकडं निघालं की घाटमाथा सहा-सातशे मीटर आहेच, सोलापूर स्वतः 450 च्या आसपास. एक रात्र जास्त राहा, मासे खा.

बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) वर्षभर तरी नाव काढू नका. रेग्युलेटरची सर्व्हिसिंग करायला लागते, ती इथं कोण करून देणार. शिशाची वजनं कुणीच विकत घेऊन फिरत नाही. सिलिंडर तर नकोच, भरणार कुठं? चाकू नको. टॉर्च नंतर. सगळं गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं, एवढं झालं.

मास्कचं मॉडेल विचारायला फोन कराल तेव्हा नंबरचा कागद हातात ठेवूनच करा, नाहीतर मी उचलणार नाही.