प्लँटहॉपर ओळखताना या चुका टाळा

फोटो येतो. पाठीवरून काढलेला, थोडा हललेला, आणि सोबत प्रश्न: "ही कोणती प्रजाती?" माझं उत्तर बहुतेक वेळा कुळापर्यंतच जातं आणि विचारणारा हिरमुसतो. प्लँटहॉपर म्हणजे रोपांचा रस शोषणारे छोटे तुडतुडे; त्यांच्या फुल्गोरोमॉर्फा या गटात वीसहून अधिक कुळं आणि हजारो प्रजाती आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची खरी खूण पाठीवर नसतेच. ती डोळ्याखाली, मागच्या पायावर नाहीतर नराच्या पोटाच्या टोकाला असते. म्हणून निदान एक फोटो बाजूने आणि एक चेहऱ्यासमोरून काढा. एवढं केलं तरी माझी अर्धी चिडचिड वाचेल.

समोरचा तुडतुडा मुळात प्लँटहॉपर आहे की लीफहॉपर, हे न बघता पुढे जाणारे पुष्कळ. प्लँटहॉपरची मिशी डोळ्याच्या खालून निघते, तिचा दुसरा सांधा फुगीर असतो आणि त्यावर बारीक पुटकुळ्या असतात. लीफहॉपरची मिशी डोळ्यांच्या पुढून, केसासारखी. लीफहॉपरच्या मागच्या नडगीवर काट्यांच्या लांब रांगा असतात, प्लँटहॉपरच्या नडगीच्या कडेला मोजकेच काटे. शंका उरलीच तर पुढच्या पंखाचा आतला भाग बघा: प्लँटहॉपरमध्ये तिथल्या दोन शिरा मिळून इंग्रजी वाय अक्षर होतं. मी मिशीपासून सुरुवात करते, कारण ती साध्या भिंगातूनही दिसते.

आता माझा खास राग: रंगावरून प्रजाती ठरवणं.

भातावरचा तपकिरी तुडतुडा, निलापर्वता ल्यूजेन्स, सगळ्यांना माहीत असतो, आणि म्हणूनच भाताजवळ सापडलेला प्रत्येक तपकिरी किडा "ल्यूजेन्स" होतो. एका संशोधन गटाने मला प्रकाश सापळ्यातले नमुने तपासायला पाठवले होते. सगळ्या कुप्यांवर एकच नाव, सोबत हंगामभराचे आकडे, आणि एक कोडं: सापळ्यात किडे भरपूर, पण शेतातली रोपं धडधाकट. कीड प्रतिकारक वाणाचं यश म्हणून अहवालाचा मसुदाही तयार होता. मी कुपी ओतली आणि आधी मागचे पाय पाहिले. निलापर्वता वंशात मागच्या पायाच्या टार्ससच्या (पावलाच्या) पहिल्या खंडावर कडेला एक ते काही बारीक काटे असतात. बऱ्याच किड्यांना ते नव्हतेच, म्हणजे वंशच वेगळा. ज्यांना होते त्यांतले नर उघडले, तर त्यांत ल्यूजेन्ससोबत निलापर्वता बेकेरीही निघाला. बेकेरी लीर्सिया या गवतावर वाढतो. हे गवत बांधाच्या कडेला, पाण्याच्या चरात हमखास असतं, आणि प्रकाश सापळा काही भातातलेच किडे निवडून ओढत नाही. माद्यांबद्दल मला खात्रीने काहीच सांगता येईना. शेवटी तक्त्यात "निलापर्वता, प्रजाती अनिश्चित" असा मोठा रकाना घालावा लागला आणि वाणाच्या यशाचा परिच्छेद गळाला. "रंग तर तोच होता ना?" असं मला दोनदा विचारण्यात आलं. होता. नुकताच कात टाकलेला प्रौढ फिकट दिसतो, दिवसाभरात गडद होतो. अल्कोहोलमध्ये फ्लॅटिडी कुळातल्यांचा हिरवा रंग उडून पिवळट होतो, पिल्लांच्या अंगावरचं मेण विरघळून जातं. म्हणून जिवंतपणीच फोटो काढून ठेवा, पण त्या फोटोवर नाव ठरवू नका.

नाव ठरतं ते नराच्या जननांगांवर: पायगोफर (पोटाच्या टोकाचा कडीसारखा खंड), पॅरामिअर (पकडीसारखे अवयव), एडिगस (लिंग). पोटाचं टोक वेगळं करून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं, मग पाण्यात धुऊन ग्लिसरीनमध्ये बघायचं. मी रात्रभर साध्या तापमानाला ठेवते. घाई असलेले लोक उकळतात, आणि मग नाजूक भाग गळून गेल्यावर "आकृतीशी जुळत नाही" म्हणून मला लिहितात. काचेखाली दाबून कायमची स्लाइडही करू नका. चपटा झालेला एडिगस कुठल्याच पुस्तकातल्या चित्रासारखा दिसत नाही. ग्लिसरीनच्या थेंबात तो फिरवून चारही बाजूंनी बघा, आणि मग इवल्याशा नळीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावा. सुटी नळी ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. महिन्याभराने ते स्वतःच शोधत बसतात.

एखाद्या नराची जननांगं खुरटलेली, विचित्र दिसली तर नव्या प्रजातीचा आनंद आवरा आणि पोटाच्या खंडांमधून काही डोकावतंय का ते बघा. स्ट्रेप्सिप्टेरा गटातले परजीवी यजमानाच्या अवयवांची वाढ बिघडवतात.

दुसरी वारंवार दिसणारी गफलत पंखांची. तपकिरी तुडतुड्याच्या डेल्फॅसिडी कुळात एकाच प्रजातीत आखूड आणि लांब पंखांचे प्रौढ असतात. गर्दी वाढली, रोप पिकू लागलं की लांब पंखांचे जास्त निघतात. तपकिरी तुडतुड्यात हा निर्णय इन्सुलिनच्या दोन रिसेप्टरांवर फिरतो, हे 2015 मध्ये दाखवलं गेलं. पण नवखे लोक आखूड पंखांच्या जाड मादीला एकतर पिल्लू म्हणतात, नाहीतर वेगळी प्रजाती. पिल्लाच्या पंखकळ्यांवर शिरा नसतात आणि पोटाच्या टोकाला पूर्ण जननांग नसतं. हे दोन बघायला मिनिटही लागत नाही. कुळाची खात्री हवी असेल तर मागच्या नडगीच्या टोकाचा हलणारा मोठा काटा शोधा. तो डेल्फॅसिडीचाच. तो न पाहता "डेल्फॅसिडी" लिहिलेली लेबलं मी बाजूला काढून ठेवते.

बाकीच्या चुका झटपट. रिकॅनिडी कुळातल्यांना पतंग समजू नका, सोंड बघा. डिक्टिओफॅरिडीचं डोकं लांब असतं हे खरं, पण लांब डोकं दिसलं की डिक्टिओफॅरिडी, हे खोटं. उसावरचा पायरिला लोफोपिडी कुळातला आहे. "होमोप्टेरा" हा गण आता मानला जात नाही, जुन्या की (ओळख पटवायच्या सारण्या) वापरताना एवढं लक्षात ठेवा. प्रौढांची की पिल्लांना लावू नका. आणि कुपीत लेबल पेन्सिलीने लिहून आतच टाका, त्यावर यजमान वनस्पतीसुद्धा लिहा. "गवत" एवढंच लिहिलं असेल, तर तो नमुना तपासायच्या रांगेत माझ्याकडे सगळ्यात शेवटी जातो.